काकूंच्या रोपांवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना गमबूट आहे. उजव्या पायाचा. माझा जोडीदार डावा इथे शेजारीच उभा आहे. पण घोट्यापाशी फाटल्यापासून त्याने बोलणे कमी केले आहे. तेव्हा आम्हा दोघांच्या वतीने मीच सांगतो. माझा रंग एके काळी गडद हिरवा होता. आता तो कुठला आहे, हे मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम रबर साच्यात भरून वरून दाबले आणि साचा उघडला, तेव्हा मी तयार झालो होतो. माझ्या तळाला खोल, नागमोडी खाचा होत्या. "हा चिखलात घसरायचा नाही," असे साचा उघडणारा कामगार म्हणाला, तेव्हा मला फार अभिमान वाटला. पुढे एका दुकानात आम्हा दोघांना दोरीने बांधून छताला टांगले. माणसे येत, चपला घेत, सँडल घेत. वर कोणी पाहत नसे. एके दिवशी एका उंच, बडबड्या गृहस्थांनी मान वर केली.

"ते दोघे उलटे लटकलेत ना, ते काढा. बिचाऱ्यांच्या डोक्यात रक्त उतरलं असेल," ते दुकानदाराला म्हणाले.

ते गृहस्थ म्हणजे मामा. ताईंच्या मुलांचे ते मामा, आणि मुलांचे ऐकून सगळी वस्तीच त्यांना मामा म्हणू लागली होती. ताई त्यांची थोरली बहीण. भाऊजी ट्रक घेऊन सदा बाहेर असत, म्हणून ताईंचे पॉलिहाऊस हे बहीणभाऊ मिळून सांभाळत. पॉलिहाऊस म्हणजे लोखंडी कमानींवर दुधी प्लास्टिक ताणून केलेले लांबलचक घर. आत मातीचे उंच वाफे आणि सुतळीवर चढवलेल्या काकडीच्या वेली. बाहेर थंडी असली तरी आत उबदार असे. मला तिथे फार आवडायचे.

पण ती ऊब जशी काकडीला आवडते, तशी रोगालाही आवडते. म्हणून ताईंचा एक नियम होता. दारात पसरट टबात औषधाचे पाणी आणि शेजारी ब्रश ठेवलेला असे. पाय घासून, त्यात बुडवूनच आत जायचे. हा नियम सगळ्यांना पाळायला लावण्याचे काम मामांनी स्वतःहून अंगावर घेतले होते. दूधवाला असो की वायरमन, मामा दारात आडवे येत.

"पाय बुडवा, मगच आत. इथे जावयालासुद्धा सूट नाही!"

ताई कौतुकाने म्हणायच्या, "माझ्या पॉलिहाऊसला कुलूप नसलं तरी चालेल. दारात माझा भाऊ आहे."

त्या दिवसांत मामा आम्हालाही फार जपत. संध्याकाळी नळाखाली धुऊन, खाचांतली माती काडीने काढून, ओट्याच्या कडेला पालथे घालून ठेवत. आम्हाला घरात प्रवेश नव्हता. पण स्वयंपाकघराची खिडकी नेमकी आमच्या डोक्यावर होती, त्यामुळे घरातले बोलणे आम्हाला ऐकू येई. बहीणभावाची थट्टामस्करी ऐकत आम्ही सुकत असू. तशी ती सुखाची वर्षे होती.

मामांचा एकच दोष होता. कोणी सल्ला विचारला की ते हरखून जात. पलीकडच्या रस्त्याला एका वयस्कर गृहस्थांचे पॉलिहाऊस होते. त्यांच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या, की सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. एका सकाळी त्यांनी मामांना बोलावले. त्यांच्या काकडीच्या वेली दुपार झाली की माना टाकत होत्या.

मामा आम्हाला घालून गेले. तिथली माती ओली, काळी, लोण्यासारखी होती. ती लगेच माझ्या खाचांत जाऊन बसली. मामांनी एक वेल उपटली. मुळांवर गाठीच गाठी होत्या, आल्याचे गड्डे चिकटवल्यासारख्या.

"सूत्रकृमी," मामा म्हणाले. "डोळ्यांना न दिसणारे किडे. मुळांत शिरून बसतात. फार वाईट जात, साहेब. चिमूटभर मातीतूनसुद्धा जातात इकडून तिकडे."

चष्मेवाले कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "तुम्ही आलात म्हणून कळलं तरी. तुमच्याइतकं जाणणारा या भागात दुसरा कोणी नाही."

मामा परत निघाले ते तरंगतच. ताईंच्या दारात पोहोचले आणि पाहतात तो टब कोरडा. तो भरायचे काम त्यांचेच होते. सकाळी घाईघाईत निघताना ते राहून गेले होते. तेवढ्यात आतून ताईंची हाक आली.

"अरे, कुठे आहेस? ठिबकची नळी सुटलीय! सगळं पाणी वाफ्यात चाललंय, ये लवकर!"

मामांनी टबाकडे पाहिले. आमच्याकडे पाहिले. नळ मागच्या बाजूला होता. जाऊन यायला फार तर एक गाणे गुणगुणण्याइतका वेळ लागला असता.

"जाऊ दे, एकदाच," ते स्वतःशी पुटपुटले आणि आत शिरले.

पाणी तिसऱ्या वाफ्यात शिरले होते. मामा त्याच्या कडेने शेवटपर्यंत धावत गेले. पाणी खाचांत घुसले आणि चष्मेवाल्यांची ती काळी माती ढेकळाढेकळाने सुटून पडू लागली. मला ते कळत होते. पण आम्हाला चालवणारे पाय दुसऱ्याचे. थांबणे आमच्या हाती नसते.

त्या संध्याकाळी खिडकीतून ताईंचा आवाज आला. "काय झालंय रे चष्मेवाल्यांच्या काकडीला?"

मामा एरवी हे तिखटमीठ लावून सांगत बसले असते. त्या दिवशी त्यांनी ते एका वाक्यात उरकले.

"काही नाही. पाणी कमी पडतंय त्यांच्याकडे," ते म्हणाले.

काही दिवसांनी चष्मेवाल्यांनी पीक उपटून टाकले, पॉलिहाऊस बंद केले आणि ते लेकीकडे राहायला गेले. त्यांच्याकडे काय होते, हे सांगणारे आता मामांशिवाय कोणीच उरले नाही.

पुढच्या हंगामात ताईंनी नवी रोपे लावली. रोपे नेहमी काकूंकडून येत. काकूंची रोपवाटिका आमच्या रस्त्याच्या वळणावरच होती. हिरव्या जाळीच्या छपराखाली ट्रेच्या रांगा लावलेल्या असत, आणि प्रत्येक खळग्यात एक पोपटी रोप. ताई आणि मामा लहान असल्यापासून काकू त्यांना ओळखत. त्या भागातल्या सगळ्यांची रोपे त्यांच्याच हातची. मामा स्वतः जाऊन एकेक ट्रे निवडून आणत, आणि काकू दर वेळी म्हणत, "सून म्हणून आणायची मुलगीसुद्धा कोणी इतकी निरखत नाही रे!"

रोपे जोमाने वाढली. फुले लागली. आणि मग एका दुपारी तिसऱ्या वाफ्यातल्या वेलींनी माना टाकल्या. आधी तिसऱ्या, मग चौथ्या, मग पाण्याच्या उताराने पुढच्या. ताईंनी एक वेल उपटली. मुळांवर गाठी होत्या.

ताईंनी ते मूळ बोटांनी चाचपून पाहिले.

"आपल्या मातीत हे कधीच नव्हतं," त्या म्हणाल्या. "बाहेरून माणूस धुतल्याशिवाय आत येत नाही. बाहेरून आत आली ती फक्त रोपं. काकूंच्या रोपांतूनच आलं असेल का रे हे?"

मामांची बोटे माझ्या आत आखडली. मला वाटले, आता सांगतील.

"असेल," मामा म्हणाले.

मित्रांनो, एवढा छोटा शब्द. त्या घडीला त्यांनी खोटे असे काही सांगितले नाही. ताईंनी पुढे केलेली गोष्ट नुसती धरली.

ताई रागाच्या भरात तशाच काकूंकडे निघाल्या. मामा मागून. रोपवाटिकेत दोन-चार शेतकरी रोपे घ्यायला आले होते. त्यांच्यादेखतच ताईंनी ते गाठाळलेले मूळ काकूंसमोर धरले.

"काय दिलंत हे मला, काकू?"

काकूंचा चेहरा उतरला. "अगं, माझ्या ट्रेमध्ये माती नसतेच. नारळाचा भुसा असतो. त्यात हे येईल कुठून?"

"मग आभाळातून पडलं?"

काकू मामांकडे वळल्या. "तू सांग रे. तू तर एकेक रोप बघून नेलंस. दिसली होती का तुला एक तरी गाठ?"

मामांनी मान खाली घातली. त्यांची नजर थेट माझ्यावर पडली. मी माझ्या आयुष्यात खूप चिखल तुडवला, पण त्या नजरेइतके जड माझ्यावर काही पडले नाही.

"मी काय सांगू, काकू," ते म्हणाले.

त्या शेतकऱ्यांपैकी एकाने हातातला ट्रे हळूच खाली ठेवला आणि तो निघून गेला.

अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. काकूंकडे येणारी वाट ओस पडत गेली. मामांना रोज त्याच वळणावरून जावे लागे. पोपटी रोपे आधी उंच झाली, मग लोळली, मग पिवळी पडली, आणि एके दिवशी काकू ती ट्रेमधून उपटून उकिरड्यावर टाकताना दिसल्या. मामांनी चाल वाढवली. दुसऱ्या दिवसापासून ते लांबच्या वाटेने जाऊ लागले. आम्हाला त्यांनी पाण्याच्या टाकीमागे भिरकावले आणि साध्या चपला घालून हिंडू लागले. टाकीमागे आमच्यावर शेवाळ चढले. डाव्यात एका बेडकाने संसार थाटला.

इकडे पॉलिहाऊसमधले पीक गेलेच. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून एक मॅडम आल्या. त्यांनी नमुना नेला आणि सांगितले, की मातीत सूत्रकृमी आहेत आणि त्यांच्या पाठोपाठ मुळे कुजवणारी बुरशीही शिरली आहे.

"जहाल औषध घालता येईल," मॅडम म्हणाल्या, "पण बंद जागेत तुम्हीच दिवसभर श्वास घेणार. दुसरा मार्ग कष्टाचा आहे."

तो मार्ग त्यांनी ओट्यावर बसून समजावला, टाकीमागे आम्हालाही ऐकू आला. उन्हाळ्यात पॉलिहाऊस रिकामे करायचे. मातीवर गव्हाचा कोंडा आणि मोहरीची पेंड पसरायची. मळी, म्हणजे साखर कारखान्यातून निघणारा तो काळा चिकट पाक, पाण्यात कालवून वर शिंपडायची. सगळे खोल मिसळायचे, माती तुडुंब भिजवायची आणि प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून टाकायची.

"मातीतल्या बारीक जिवांना असा खाऊ मिळाला की ते त्यावर तुटून पडतात," मॅडम म्हणाल्या. "खाता खाता मातीतली हवा संपवतात. वरून नवी हवा येत नाही. माती आंबते, तापते. पेंडीचा उग्र वास आतच कोंडतो. त्यात हे किडे आणि ती बुरशी तग धरत नाहीत. पण कागदाच्या कडेतून जरा जरी हवा शिरली, तर मेहनत पाण्यात."

"मी करतो," मामा एकदम म्हणाले. "ताई, तू हात लावू नकोस. सगळं मी करतो."

त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला टाकीमागून काढले. बेडकाला बाहेर ठेवले. मग ब्रश घेऊन ते आम्हाला घासत बसले. शेवाळ गेले, माती गेली, तरी ते घासतच होते. माझ्या तळाच्या खाचा झिजल्या त्या तेव्हाच.

मग कामाला सुरुवात झाली. रोगट मुळे मामांनी एकेक करून वेचली आणि लांब नेऊन जाळली. कोंड्याची पोती पाठीवरून वाहिली. मळीने त्यांचे हात कोपरापर्यंत काळे, चिकट झाले. माश्या त्यांच्याभोवती घोंघावू लागल्या. कुदळीने त्यांनी सगळे वाफे खणून कोंडा, पेंड खाली नेली. पाणी सोडले. कागद अंथरला, कडेने चर खणला, कागदाची कड चरात पुरली आणि आम्हाला घालून ती माती तुडवली, पुन्हा पुन्हा, जणू खाली काही जिवंत आहे आणि ते वर येईल. खिडक्या, झडपा बंद केल्या. आत असा उकाडा झाला, की मामांचा घाम माझ्यात साचून पचपच आवाज येई.

आणि तो वास! थोड्याच दिवसांत तुंबलेल्या गटारासारखा दर्प सुटला. ताई पदराने नाक दाबून हसत म्हणाल्या, "यापेक्षा मेलेला उंदीर परवडला!" मामा हसले नाहीत. कागदाला कुठे बारीक छिद्र दिसले तरी ते गुडघ्यावर बसून चिकटपट्टी लावत. जेवण सोडून फेऱ्या मारत.

खिडकीतून ताई भाऊजींना फोनवर सांगताना ऐकू येत. "माझ्या भावासारखा भाऊ नाही हो कोणाला. रात्रंदिवस राबतोय." मामा त्या वेळी ओट्यावर बसून पायातून मला ओढून काढत असत. ते तसेच, अर्धा पाय माझ्यात ठेवून, बसून राहत.

मला वाटते, मामांनी मनाशी एक हिशेब बांधला होता. माती बरी झाली, की जे झाले ते पुसले जाईल. मग कोणाला काही सांगायची गरजच उरणार नाही.

आणि माती खरोखरच बरी झाली. काही आठवड्यांनी कागद काढला, वाफे मोकळ्या हवेत उलटेपालटे केले, वास ओसरला. मॅडमनी परत नमुना तपासला. चाचणीसाठी बी पेरले, उगवलेली रोपे उपटून पाहिली, तर मुळे पांढरीशुभ्र, केसासारखी मोकळी. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी भावाच्या पाठीवर जोरात थाप मारली.

औषधाविना माती सुधारली, ही गोष्ट सगळीकडे पसरली. पाहायला शेतकरी येऊ लागले. एका रविवारी तर चांगला घोळका जमला. मामा दारात टबापाशी उभे राहून सगळ्यांचे पाय धुऊन घेत होते. आत ताई उत्साहाने सांगत होत्या, कोंडा किती, पेंड किती, कागद कसा. आणि प्रत्येक वेळी सुरुवात एकच.

"काकूंच्या रोपांतून रोग आला. आमचं सगळं पीक गेलं. पण आम्ही हार मानली नाही..."

लोक माना डोलवत होते. "बरं केलंत सांगितलंत," एक जण म्हणाला. "मी काकूंकडेच जाणार होतो यंदा." दुसरा म्हणाला, "आमच्या गावी सांगतो सगळ्यांना."

तेव्हा मामांच्या लक्षात आले असावे. कामाला जितके यश येत होते, तितके ते खोटे लांब लांब चालले होते. आजवर ते वस्तीपुरते होते; आता ते मामांच्याच घामावर स्वार होऊन गावोगाव निघाले होते.

त्यांच्या हातातला ब्रश टबात पडला. ते आत गेले.

"काकूंची रोपं नव्हती," ते म्हणाले.

ताई बोलता बोलता थांबल्या. "काय?"

"रोपं चांगली होती. रोग मी आणला. चष्मेवाल्यांकडून आलो आणि पाय न धुता आत शिरलो. नळी सुटली होती त्या दिवशी. त्यांच्या मुळांवर गाठी होत्या, ते मी पाहून आलो होतो." त्यांनी सगळ्यांकडे पाहिले. "तुम्ही घरी जाऊन जे सांगणार असाल, ते हे सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

कोणी खोकले. कोणी वर प्लास्टिककडे पाहू लागले. लोक एकेक करून निघून गेले. मग ताईंनी विचारले, "मी तिथे काकूंना सगळ्यांसमोर बोलत होते, तेव्हा तू शेजारी उभा होतास?"

"हो."

"आणि मला बोलू दिलंस?"

ताई मामांना ओलांडून बाहेर गेल्या. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून भांड्यांशिवाय कशाचाच आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई काकूंकडे निघाल्या. मामा चार पावले मागे. रोपवाटिकेत अर्ध्याहून अधिक फळ्या रिकाम्या होत्या. ताई काकूंच्या पायाशी बसल्या आणि सगळे बोलल्या. मामाही बोलले; फार बोलता आले नाही.

मला वाटले होते, काकू चिडतील, ओरडतील. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. बोटांची कातडी ठिकठिकाणी सोललेली होती.

"मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी झालं," काकू म्हणाल्या. "सगळे ट्रे उकळत्या पाण्यातून काढले. दोनदा, तीनदा. होता तो सगळा भुसा फेकून दिला. पुन्हा रोपं केली. तीही घाबरून फेकली. आयुष्यभर केलेल्या कामावरचा माझा विश्वासच उडाला रे. तुझं एक वाक्य आलं असतं ना, तर लोक नसते आले तरी मी स्वतःला तरी खरं मानलं असतं."

मामा रडू लागले. काकूंनी त्यांना गप्प केले नाही. थोड्या वेळाने त्या ताईंना म्हणाल्या, "तुला रोपं देते. तू रागावलीस, पण तुला ठाऊक नव्हतं." मग मामांकडे न पाहता म्हणाल्या, "याने मात्र आत येऊ नये. अजून नाही."

तेव्हापासून मामा काकूंच्या फाटकाबाहेर थांबतात. त्या हंगामात ते ज्याने ज्याने ऐकले असेल, त्याच्या त्याच्या दारी जाऊन आले. आम्हीच त्यांना नेले. काही जण काकूंकडे परतले. काही जणांनी दुसरीकडे सोय लावली होती, ते परतले नाहीत. काहींनी तर सांगितले, "जाऊ द्या हो मामा, जुनी गोष्ट," आणि रोपे मात्र दुसरीकडूनच आणली. काकूंनी अर्धी रोपवाटिका मोडली. ताई भावाशी बोलू लागल्या, कामापुरत्या, मग हळूहळू हसूनही. पण दारात आपला भाऊ आहे, असे त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

आता मी म्हातारा झालो आहे. रबराला भेगा पडल्या आहेत, पाणी आत येते. तरी मामा आम्हाला टाकत नाहीत, ठिगळ लावून वापरतात. आठवड्यातून एकदा ते काकूंसाठी भुशाची पोती आणतात आणि फाटकाबाहेर उतरवून ठेवतात. काकू ती आत ओढून नेतात. परवा एक पोते त्यांना एकटीला उचलेना. त्यांनी मामांकडे पाहिले. मामा जागचे हलले नाहीत. शेवटी काकू म्हणाल्या, "तिकडून धर." दोघांनी मिळून पोते उचलले, फाटकाच्या रेषेपर्यंत आणले. तिथे मामा थांबले. पुढचे काकूंनी एकटीने नेले.

मित्रांनो, ताईंची माती एका उन्हाळ्यात बरी झाली, कारण तिला काय द्यायचे ते ठाऊक होते. काकूंना काय द्यावे, हे मामांना अजून सापडलेले नाही. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या हातून काही बिघडले, तर त्याच संध्याकाळी सांगून टाका. घरचे रागावतील, जेवताना कोणी बोलणार नाही, तुम्हाला रडू येईल. तेवढे सोसा. तुम्ही गप्प बसलात, तर तेच सोसणे दुसऱ्या कोणाच्या तरी दारी जाते. आणि त्या माणसाला तर कळतही नाही, की हे आपल्याकडे कशामुळे आले.

मामांची चाहूल लागते आहे. आज पोत्यांचा दिवस आहे. आम्हाला निघायला हवे.